बरणीतलं आणि जिभेवरचं

माझ्या जिभेवर साय धरली होती. आरशात पाहिलं की वाटायचं, दुधाचं पातेलं चाटून आलेय. खरवडली की खाली लालभडक, आणि दोन दिवसांत पुन्हा पांढरी. तोंडाला चव म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्याची. दुसऱ्या कुणाचं निभलं असतं, पण मी आमच्या बेकरीची जीभ आहे. पीठ फुगवणारं खमीर पिकलं की नाही, हे आमच्याकडे रोज पहाटे चाखून ठरतं. आधी आत्या चाखायची, आता मी. आणि हल्ली पाव कधी दगड निघत होता, कधी आंबटढाण. दादा भट्टीपाशी उभा राहून म्हणायचा, "आंबटपणा मोजणारं यंत्र घेऊ या एखादं." म्हणजे मला घरी बसवा. डोकंच फिरायचं माझं.

निदान झालं कँडिडाचं. एका जातीचं यीस्ट, तोंडात माजलेलं. गोळ्या घेतल्या की जायचं, संपल्या की आगंतुक पाहुण्यासारखं परत यायचं. मग काय, ज्याला त्याला सल्ले सुचायला लागले. साखर सोड. पाव सोड. लसूण चघळ. मी सगळं केलं. बेकरीवाली असून पावाला शिवले नाही. लसणापायी गिऱ्हाईक चार हात लांब उभं राहायला लागलं. जीभ मात्र होती तशीच.

एक दिवस वहिनी म्हणाली, "ताई, दिवसभर यीस्टमध्येच वावरायचं आणि यीस्टलाच शिव्या द्यायच्या, याला काय अर्थ आहे?"

ते माझ्या डोक्यात घुसलं. काचेच्या बरणीतलं आमचं खमीर आत्याने तरुणपणी नुसत्या पीठपाण्यातून धरलेलं, रोज मूठभर पीठ घालून जगवलेलं. त्यापायी तिने लग्नाची स्थळं सोडली, असं घरात म्हणतात. आणि रोज मी तेच जिभेवर ठेवत होते. चोर घरातच होता.

"बरणी फेकतेय मी," दुपारी जाहीर करून टाकलं.

दादाचा चेहरा पडला. आत्या गल्ल्यावर होती. तिने शांतपणे चष्मा पुसला. "फेक की. पण आधी गुन्हा शाबीत कर, मग फाशी दे." आणि चमचाभर खमीर एका डबीत भरून तिने माझ्या हातात ठेवलं.

गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे मी डबी आपटली आणि तक्रार सांगितली. त्या हसल्या नाहीत. माझ्या जिभेवरून कापसाची काडी फिरवली, आत गेल्या, थोड्या वेळाने हाक मारली. "या, बघा स्वतःच."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग निळसर गोल कण, एकेकाला बारका कोंब फुटलेला, आणि त्यांच्यातून निघालेले लांबच लांब धागे, फांद्या फुटलेले, एकमेकांत गुंतलेले. एवढं जंगल, आणि तेही माझ्या जिभेवर. ज्याच्या नावाने रोज बोटं मोडली, ते इतकं देखणं असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं.

मग त्यांनी डबीतलं खमीर लावलं. त्यात धागे नव्हते. नुसते गुबगुबीत गोळे, कडेवर पोर घेतल्यासारखे.

"नात्यातली आहेत," बाई म्हणाल्या, "पण यांची चूल वेगळी. तुमची बरणी निर्दोष."

"मग माझ्या तोंडात हे आलं कुठून?"

"आलं नाही, होतंच. तान्हेपणापासून कितीतरी जणांच्या तोंडात असतं. एरवी गुमान पडून राहतं. तुम्ही त्याला मोकळं रान दिलंत. दम्याचा पंप कधी घेता?"

पिठाचा दमा आमच्या धंद्यात बऱ्याच जणांना धरतो. "उठल्या उठल्या," मी म्हटलं.

"त्यानंतर चूळ?"

चूळ कशी भरणार? आत्याचा नियम आहे, खमीर चाखेपर्यंत तोंडाला पाणी लावायचं नाही, जीभ फसते. पंपातलं औषध रोज पहाटे तसंच जिभेवर बसून राहायचं आणि तिथली रोगाविरुद्धची राखण मोडायचं. बाईंनी बजावलं, पंप सोडायचा नाही आणि चूळ चुकवायची नाही.

परत येताना सिग्नलपाशी उभी राहिले ती राहिलेच. बोलणारी, जांभया देणारी, भांडणारी एवढी तोंडं, आणि त्यातल्या कितीतरी तोंडांत ते गुमान बसलेलं. कुणाचा तरी हात धरून सांगावंसं वाटत होतं.

आत्याला सगळं सांगितलं. बरणी सुटली म्हणून ती खूश होईल असं वाटलं होतं, पण ती माझ्याकडे बघतच राहिली. पंप तिलाही आहे, माझ्यापेक्षा कितीतरी जुना, आणि चूळ न भरण्याची सवयही.

"चूळ भरली नाही म्हणून?" तिने विचारलं.

"हो."

"मला वाटलं, म्हातारपण." तिचा आवाज अगदी खाली गेला. "चव गेली म्हणून तर तुला चाखायला बसवलं. कुणाला बोलले नाही. आपल्याच पावाची चव कशी असते, विसरून गेलेय मी."

समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याची पर्वा न करता तिने माझ्यापुढे तोंड उघडलं. मी हनुवटी धरून तिला उजेडाकडे वळवलं. जीभ पांढरीफटक होती.

"दादा, गल्ल्यावर बस," मी म्हटलं. "आत्या, चप्पल घाल. बाई अजून असतील."

ती आधीच खाली वाकून पायाने चप्पल शोधत होती.