बटणांच्या डब्यातली शेवटची कॅप्सूल

मी एक कॅप्सूल बोलतेय, शिंप्याच्या घरातल्या बटणांच्या डब्यातून. अर्धी लाल, अर्धी पिवळी. स्वभावाने जरा संशयी आहे. मला या घरातल्या प्रत्येकाचा संशय येतो आणि खरं सांगायचं तर तुमचाही येतोय. राग मानू नका.

आधी माझं काम सांगते. जंतू वाढताना आपल्याभोवती भिंत बांधत असतो. मी त्याच्या गवंड्याचेच हात धरते. भिंत कच्ची राहते, आत पाणी शिरतं आणि जंतू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते, त्यामुळे त्यांच्या वाटेला मी जात नाही.

शिंपीकाकांच्या टाचेत मोडकी सुई घुसली आणि पू धरला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दिलं. सगळ्या संपवा, असं बजावलंही. माझ्या बहिणी एकेक करून पोटात गेल्या. ठणका थांबला, काका पुन्हा मशीनचं पायडल मारू लागले. काकूंनी लगेच उरलेली पट्टी उचलली.

"बरं वाटतंय ना? मग उगाच कशाला गिळायच्या? हे डॉक्टर जरा जास्तच लिहून देतात."

या घरात चिंधीसुद्धा वाया जात नाही. उरलेल्या अस्तराची पिशवी होते, सुटं बटण डब्यात पडतं. तशाच आम्हीही पडलो. शेजारणीचा घसा धरला, दिली एक. भाचीला सर्दी झाली, दिली एक. अहो, सर्दीच्या विषाणूला भिंतच नसते, तिथे माझी बहीण काय कपाळ करणार? पण काकूंचा हात सढळ.

मला खरा संशय होता तो काकांच्या टाचेचा. नरम जंतू आधीच मेले होते. चिवट तेवढे मागे राहिले आणि औषध थांबताच त्यांचं फावलं. त्यांच्यातल्या काहींकडे आम्हाला कापणारी कात्री असते. ती कशी घडवायची, याचा आराखडाही ते शेजारच्या जंतूंना देऊन टाकतात. आता आत त्यांचीच पिलावळ असणार, असं मन सारखं सांगत होतं.

तसंच झालं. टाच पुन्हा सुजली, लाली घोट्यावर चढली. काकूंनी डबा चाचपून माझ्या शेवटच्या बहिणीला काकांच्या हातावर ठेवलं; मी तेवढी बटणांखाली तळाशी राहिले. मागे हिनेच गुण आला होता, असं त्या म्हणत होत्या. बहीण गेली आणि वर ताप चढला.

डॉक्टरीणबाईंनी पू तपासायला पाठवला. आमच्या घराण्यातलं कुठलंच औषध या जंतूंना लागू पडत नाही, असं निघालं. काकांना इस्पितळात ठेवलं, टाच चिरली. दुसऱ्या जातीची इंजेक्शनं चालू आहेत. पाय वाचेल का, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पायावरच तर त्यांचं पोट आहे.

काल शेजारीण आली. मुलीचा कान दुखतोय, ती लाल-पिवळी गोळी आहे का, म्हणाली. काकूंनी मला बाहेर काढलं आणि मूठ मिटली.

"आहे. पण मी देणार नाही. तिला डॉक्टरांना दाखव, आणि त्या सांगतील तेवढं औषध पुरं कर. मी तेवढंच केलं नाही गं."

या घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझा संशय घेतला. मला बरं वाटलं, आणि रडूही आलं.

आज काकू मला औषधाच्या दुकानात परत देणार आहेत. येते मी. मला संशय आहे, असा एखादा डबा तुमच्याही घरात आहे. जरा उघडून बघा. इथलं मशीन अजून झाकूनच ठेवलंय.