जुंबेरचं जिवंत पाणी

जुंबेरने बाटलीवरचा भरजरी रुमाल ओढला आणि अंगणातल्या साठ-सत्तर माणसांनी एकदम छातीवर क्रूस काढला. तासाभरापूर्वी पातळ ताकासारखं दिसणारं पाणी आता नितळ झालं होतं. मागे धरलेल्या मेणबत्तीची वातसुद्धा त्यातून दिसत होती.

"दिसलं का? ओतियाच्या पायातला रोग या बाटलीत उतरला, आणि माझ्या झऱ्याच्या पाण्याने तो गिळून टाकला!" जुंबेरने हातातल्या शिंगाच्या पेल्यातलं उरलेलं पाणी हवेत शिंपडलं. "अकरा वर्षं डोंगरात मौन पाळून मिळवलंय हे. हा जंतू खाणाऱ्या सगळ्या फाजांचा बाप! डॉक्टर म्हणतात, आधी तपासा. अहो, आईचं दूध पाजताना कुणी तपासतं का?"

लोक खूश होऊन हसले. समोरच्या खुर्चीत, स्टुलावर डावा पाय ठेवून बसलेला ओतिया मात्र हसला नाही. तीस वर्षं तिबिलिसीच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस हाकलेला हा माणूस आता पट्ट्यांमधून येणाऱ्या वासाने ओशाळा झाला होता. मधुमेहातून जखम झाली, जखम चिघळली, एकापाठोपाठ एक औषधं हरली. सोमवारी सर्जन पाय बघणार होते. सड वर चढली असेल तर गुडघ्याखालून कापायचं, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. आज शुक्रवार होता आणि बायको इझोल्दा गेले सात दिवस दवाखाना सोडून जुंबेरच्या पाण्याने जखम धूत होती.

ओतियाची थोरली बहीण त्सियाला जिन्यापाशी हाताची घडी घालून उभी होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पस्तीस वर्षं तिने नदीकाठच्या संस्थेत फाज वाढवले होते. जंतूंना खाऊन टाकणारे, त्यांच्याहून कितीतरी लहान असे हे विषाणू. तिबिलिसीत हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. घरोघरी फ्रिजच्या दारात, आंबट आलुबुखारच्या चटणीशेजारी त्यांच्या कुप्या असतात, आणि पोट बिघडलं की आजी एक फोडून पाजते. नेमकं इथेच या शहराचं घोडं पेंड खातं. फाज जंतू खातो हे सगळ्यांना ठाऊक, पण एक फाज फक्त आपल्याच जंतूला खातो आणि शेजारच्याकडे ढुंकूनही बघत नाही, हे सोयीस्करपणे विसरलेलं. जुंबेरला अडाणी माणसं नकोच होती. त्याला असे अर्धवट शहाणेच हवे होते.

आणि डोंगरातलं मौन? ती अकरा वर्षं जुंबेर त्सियालाच्याच संस्थेच्या तळघरात बाटल्या धूत होता.

ती पुढे झाली. बाटली ज्या वाळूच्या बादलीत ठेवली होती, तिच्यात तिने मनगट खुपसलं. वाळू अंगाइतकी उबदार होती.

"वाळू गरम कशाला रे, जुंबेर?"

त्याने तिला ओळखलं आणि नजर चुकवली. "झऱ्याला थंडी सोसत नाही, ताई."

खालच्या टोपलीत पुढच्या रोग्यासाठी दुसरी बाटली तयार होती. तीही गढूळ होती, आणि पुढचा रोगी तर अजून आलाही नव्हता! जुंबेर भक्तांकडे वळताच त्सियालाने ती शालीखाली घातली. झऱ्याच्या पाण्याची शिशी तर इझोल्दाकडे होतीच.

घरी पट्टी सोडताना तिने जखमेतला पू कापसावर घेतला.

"कशाला छळता ह्यांना?" इझोल्दा रडकुंडीला आली. "डोळ्यांनी पाहिलं मी पाणी निवळताना."

"निवळताना पाहिलंस. गढूळ होताना पाहिलंस का?"

इझोल्दाने शिशी मात्र काही टाकली नाही.

रविवारी पुन्हा अंगण भरलं. जुंबेरने शिंग उचललं, तोच त्सियाला टेबलाशी आली. सोबत तिची जुनी शिष्या दारेजान होती. ती अजून प्रयोगशाळेत काम करत होती. तिने चिकटपट्टीने बंद केलेल्या काचेच्या दोन ताटल्या टेबलावर मांडल्या.

"ही पहिली," त्सियाला म्हणाली. "यात जुंबेरच्या बाटलीतले जंतू पसरले आणि त्यावर त्याच्या पाण्याचा थेंब टाकला. ये, इझोल्दा, बघ."

जंतूंच्या पांढऱ्या सायीत एक गोल, स्वच्छ भोक पडलं होतं. गर्दी हर्षाने ओरडली. जुंबेरचीही छाती फुगली.

"ही दुसरी. हे जंतू ओतियाच्या पायातले. थेंब तोच."

मधल्या थेंबाखालची साय अखंड होती. तिथे ओरखडासुद्धा नव्हता.

"झऱ्याचं पाणी म्हणजे संस्थेच्या कुपीतला फाज, आणि गढूळपणा जुंबेरने घरी वाढवलेल्या पाळीव जंतूंचा. जखमेवरचा कापूस नुसता दाखवायला बुडवायचा, पाणी ओतायचं आणि उबेत तास काढायचा. त्याचा फाज त्याचेच जंतू खातो. ओतियाच्या पायाशी त्याचा काडीचा संबंध नाही."

"अविश्वासाने पाणी कोपलंय!" जुंबेर किंचाळला.

"तुझ्या जंतूंवर बरं प्रसन्न आहे!"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. इझोल्दा मात्र दुसऱ्या ताटलीवर वाकली होती. तिथे काठाशी आणखी सहा थेंबांच्या, क्रमांक टाकलेल्या खुणा होत्या. पाच फुकट गेलेले. चौथ्या क्रमांकाखाली लखलखीत भोक पडलं होतं.

"हे काय आहे, ताई?"

"संस्थेच्या कपाटातला फाज. ओतियाचा जंतू खाणारा. आज सकाळीच कळलं." त्सियालाने ताटली तिच्याकडे सरकवली. "नऊ दिवसांपूर्वीही तो तिथेच होता गं."

ओतिया पहिल्यांदाच बोलला. "जुंबेर, माझे नऊ दिवस परत दे."

 जुंबेर शिंग टाकून मागच्या दाराने सटकला.

ओतियाला त्याच दिवशी इस्पितळात नेलं. सर्जनांनी सडलेला भाग काढला, चौथ्या क्रमांकाचा फाज रोज जखमेत सोडला आणि साखरही काबूत आणली. पाय वाचला. दोन बोटं मात्र आधीच काळी पडली होती, ती गेली. जुंबेरच्या चमत्काराचा हिशोब तेवढाच.

महिन्याने ओतिया काठी टेकत अंगणात आला, तेव्हा शेजारची वेनेरा मेणबत्ती आणि गरम पनीर-रोटी घेऊन त्सियालाच्या पाया पडायला धावली.

"त्सियालाताई, तो चार नंबरचा चमत्कार थोडा द्या ना! आमच्या ह्यांच्या मूत्रपिंडाला..."

त्सियालाचं डोकं पुन्हा सणकलं. जुंबेर गेला, पण त्याची गादी या लोकांनी रिकामी ठेवली नव्हती. ती तोंड उघडणार, इतक्यात इझोल्दानेच मेणबत्ती फुंकून विझवली.

"वेनेरा, तुझ्या नवऱ्याचा जंतू कुठला, ते आधी तपासून आण," ती म्हणाली. "कुणी कितीही पाणी निवळून दाखवू दे. आपल्या माणसाच्या जंतूवर लावून पाहिलं का, एवढंच विचारायचं. मी विचारलं नाही. ह्यांची बोटं मोज."