डांगराची भाकर

जसोदाबाईच्या घरात देव्हारा होता, पण घरातली माणसं खरी वचकून असत ती कोठीला. माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात माणसाहून वीतभर उंच, पोट सुटलेली अशी मातीची कोठी उभी होती. फाल्गुनात दादर निघाली, म्हणजे तापीकाठची रब्बीची ज्वारी, की कडुनिंबाचा पाला मिसळून ती वरून कोठीत ओतायची, वरचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं आणि मग वर्षभर खालच्या भोकातून रोजच्यापुरतं धान्य काढायचं. भोकाला चिंधीचा बोळा. बोळा काढला की दाणे सुपात सळसळत येत, मापटं भरलं की बोळा परत आत. इतकं सोपं काम, पण ते करण्याचा मान घरात एकट्या जसोदाबाईचा होता.

घर गुजराचं, सारंगखेड्याहून पायी जाण्याइतक्या अंतरावरच्या एका गावातलं. शेत होतं, नाही असं नाही, पण खाणारी तोंडंही कमी नव्हती. नवरा चुनीलाल, मोठा मुलगा छगन, त्याच्या पाठचे दोन भाऊ, ज्यांना जेवताना बघूनच आपलं पोट भरावं असे, आणि सालावर ठेवलेला गडी, सालदार करणसिंग. कापसाचा पैसा यायचा तसा शेतसारा भरण्यात आणि कपड्यालत्त्यात निघून जायचा. घर चालायचं ते कोठीवर आणि जसोदाबाईच्या आखडत्या हातावर. ती तव्याला तेल लावायची ते चिंधीनं, आणि ती चिंधी पिळून पुन्हा वाटीत ठेवायची. कुणी हसलं तर हसो बापडं. तिच्या घरून कुणी कधी उपाशी उठलं नव्हतं आणि तिनं कधी कुणाच्या दारी सूप घेऊन पाय ठेवला नव्हता.

आता हिची सून, छगनची बायको रेवा. नंदुरबारची. बाप तिथल्या जिनात कापूस जोखायच्या कामाला. त्यांच्याकडे धान्य यायचं दुकानातून, आठवड्याचं आठवड्याला, पत्र्याच्या डब्यात. डब्यात डोकावलं की किती उरलं ते दिसायचं. कोठी म्हणून काही असते आणि तिला रीतभात असते, हे पोरीनं लग्नानंतरच पाहिलं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी कोठीच्या बोळ्याला तिचा हात लागला नव्हता.

तो लागला आषाढात. रनाळ्याला दिलेल्या लेकीचं तिसरं बाळंतपण अडलं असा निरोप आला आणि जसोदाबाई लुगडं बदलून निघाली. रनाळं तापीच्या पलीकडे, तेव्हा पूल कुठला, होडीतून जायचं. निघता निघता तिनं किल्ल्यांचा जुडगा रेवाच्या हातात ठेवला आणि बजावलं, "वरलं तोंड उघडानं नही. आनि कोठीले वाजाडी दखानं नही. बरकत जास."

म्हणजे वरचं झाकण फोडायचं नाही आणि किती उरलं ते थाप मारून अजमावायचं नाही. पावसाळी हवा आत शिरली तर दाण्याला किडा लागतो, म्हणून पहिलं. दुसऱ्यानं बरकत कशी जाते, ते देवाला ठाऊक. रेवानं मान डोलावली. सासू होडीत बसली. आठ-दहा दिवसांत तापी अशी फुगली की होड्या बंद झाल्या. सासू पल्याड, माहेर पल्याड, आणि अल्याड रेवा, चार धडधाकट पुरुष, एक सासरा आणि ती कोठी.

रेवानं काटकसर अशी केली की सासूनंही तोंडात बोट घालावं. तव्याची चिंधी तिनं सासूपेक्षा जास्त पिळली. दिव्याची वात बारीक केली. सरपण भिजलं तेव्हा घरातली कोरडी काडीन् काडी शोधून चुलीला लावली. मोडका पाट, फुटक्या टोपलीच्या कामट्या, कोठीच्या मागं भिंतीला टेकवलेली एक लांब तुरकाठी. वाळून खडखडीत झालेली काठी, काय सुंदर पेटली! त्या दिवशी सगळ्या भाकरी एका दमात झाल्या आणि रेवा स्वतःवर खूश झाली.

नागपंचमी झाली आणि त्यानंतर एका सकाळी बोळा काढला तर सुपात मूठभर दाणे पडले आणि थांबले. रेवानं वाट पाहिली. बोटं घालून चाचपलं. दोन दाणे आणि निंबाचं एक पान हाताला आलं. तिनं बोळा लावला, हात जोडले, परत काढला. काही नाही. दादर तर पुढच्या फाल्गुनापर्यंत पुरायला हवी होती. निदान दिवाळीला खरिपाची ज्वारी येईपर्यंत तरी. आणि ही श्रावणातच संपली? आपला हात इतका सैल?

बरं, संपली तर संपली, नवऱ्याला सांगावं, असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला छगन माहीत नाही. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी त्याला सांगितलं तर दुपारी पारावर कळणार. आणि पारावर कळलं की शेजारच्या धनुबाईला कळणार. ही धनुबाई सासू गेल्या दिवसापासून रोज काही ना काही मागायला येत होती, कधी विस्तव, कधी विरजण, आणि मागता मागता नजर माजघरात. एकदा तर तोंडावरच म्हणाली, "तुन्हं माहेर नदीपार शे ते बरं शे बाई. नही ते कोठीले पाय फुटतस."

म्हणाली आणि हसली. रेवाही हसली. पण रात्रभर ते वाक्य तिच्या कानात काट्यासारखं रुतून राहिलं. बाप जिनातला मजूर, घरात खाणारी पाच भावंडं, आणि सासू नसताना कोठी रिकामी. कोण म्हणेल की हात सैल झाला? सगळे म्हणणार, सुनेनं माहेर भरलं. आणि हा डाग एकदा लागला की तो लुगड्यासारखा धुवून निघत नाही. पोराबाळांच्या लग्नापर्यंत पुरतो. रेवाला बाकी कशाची भीती नव्हती, भीती होती ती एवढ्याच एका शब्दाची.

तेव्हा तिनं ठरवलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. सासू येईपर्यंत घरातल्या कुणालाही कळता कामा नये आणि कुणाच्याही ताटात कमी पडता कामा नये. सासूच्या पायाशी पहिल्यांदा आपणच सांगायचं, मग ती मारो की तारो.

आणि मग त्या पोरीनं कोंड्याचा मांडा केला म्हणजे काय केला! आढ्याला शिंक्यांत गेल्या सालची डांगरं टांगलेली होती, लाल भोपळे हो. एकेक उतरवून तिनं शिजवलं, घोटलं, आणि उरल्यासुरल्या पिठात, उडदाच्या पिठात ते मळून भाकरी थापल्या. वर तीळ चिकटवले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की मुद्दाम केलंय. उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी केलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापडच, मडकंभर होते, ते कुस्करून भिजवून त्यांचा घाटा केला. कण्या ताकात शिजवल्या. बांधावरची अंबाडी, परड्यातला तांदुळजा, शेवग्याचा पाला, जे हिरवं दिसेल ते पातेल्यात. बाजाराच्या दिवशी छगनला सांगितलं की या खेपेला तेल-गूळ राहू द्या, म्हैस गाभण आहे, तिला भरड्यासाठी मका आणा. छगननं निमूट मका आणला. म्हशीच्या नावानं आलेला तो मका जात्यातून निघून घरधन्याच्याच पोटात गेला आणि त्यानं मिटक्या मारत खाल्ला.

दोन ठिकाणी मात्र तिनं हात लावला नाही. एक, पोळ्यासाठी बांधून ठेवलेले गहू, ते बैलांचे. आणि दुसरं, आढ्याला उलटी टांगलेली बियाण्याची कणसं. एके दिवशी ती त्या कणसांकडे बराच वेळ बघत उभी राहिली होती. पण बियाणं खाल्लं तर घर खाल्लं, एवढं तिला शहरात वाढूनही कळत होतं. आणि करणसिंगाच्या भाकरीतली चतकोरही तिनं कमी केली नाही. सालदाराच्या भाकरीवरून गाव घराची किंमत करतं.

मग कमी कुणाची झाली? बायका मागून जेवतात, तेव्हा कुणाची ते सांगायला नको. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याला जे लागलेलं असेल ते रेवाचं. कधी ते असायचं, कधी नसायचं, मग ती ताक पिऊन लवंडायची. ताटं मात्र चाटूनपुसून स्वच्छ येत होती. धाकटे दीर तर विचारायला लागले की आई असताना असं चमचमीत का नसायचं. रेवा पदर ओढून चुलीकडे तोंड करायची. हसावं की रडावं, तिचं तिलाच कळत नव्हतं.

पोळा दोन दिवसांवर आला आणि तापी उतरली. पहिल्याच होडीनं जसोदाबाई आली. लेक सुखरूप, नात झालेली, म्हातारी खुशीत होती. अंगणात पाय धुतले, नातीचं रूप सगळ्यांना सांगून झालं, पुरुष बैलांकडे गेले. रेवानं किल्ल्यांचा जुडगा आणून सासूच्या पायाजवळ ठेवला आणि तिथंच खाली बसली. इतके दिवस घोकलेलं सगळं विसरून गेली.

"आत्याबाई, कोठी सरी गयी," ती म्हणाली. "मी माहेरले एक दानाबी धाडं नही."

एवढं बोलून ती ओक्साबोक्शी रडू लागली. जसोदाबाई उठली, माजघरात गेली, कोठीपुढे उकिडवी बसली. बोळा काढला, भोकात बोट घातलं, बोट बाहेर काढून वास घेतला. मग कोठी आणि भिंत यांच्यातल्या फटीत हात घालून काहीतरी चाचपडू लागली. एकदा, दोनदा. मागं वळून तिनं सुनेला विचारलं, "आठेनी काठी कोठे शे?"

"कोनती काठी?"

"कोठीमांगली. तुरकाठी."

रेवाचं रडं थांबलं. तिला काही उमजेना, पण खोटं बोलायची तिची ताकद उरली नव्हती. सरपण भिजलं होतं, म्हणून ती चुलीत घातली, असं तिनं सांगून टाकलं.

जसोदाबाईनं कपाळावर हात मारला. मग कंबर धरून उठली, गोठ्यातून एक तुरकाठी ओढून आणली, भोकात घातली आणि वरच्या अंगाला दोन दणके दिले. आत काहीतरी खसकन् सुटलं. आधी निंबाच्या पाल्याचा दमट गठ्ठा बाहेर पडला आणि त्याच्या मागून दादर. सुपात, सुपाबाहेर, जसोदाबाईच्या पायांवर, जमिनीवर, पांढरी टपोरी दादर नुसती धो धो येऊ लागली. दर पावसाळ्यात दमट हवेनं पाला गोळा होऊन भोकाशी बसायचा आणि दर पावसाळ्यात जसोदाबाई त्या काठीनं तो मोकळा करायची. तिला ते इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायची गोष्ट आहे हेच तिच्या ध्यानात आलं नाही. काय करू नये अशा दोन गोष्टी तिनं सांगितल्या होत्या. काय करावं तेवढं राहून गेलं.

रेवा बघतच राहिली. मग दोन्ही हातांनी तिनं ते दाणे ओंजळीत धरले आणि तिचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस ती त्या कोठीला पाठ टेकून उपाशी बसत होती आणि तिच्या पाठीमागं कोठी भरलेली होती! तिला हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसता हसता ती ओंजळ कपाळाला लावायला तिनं हात वर केले.

तेव्हा जसोदाबाईला दिसलं. म्हातारीनं बोळा दडपून लावला, सुनेचं मनगट धरलं आणि बांगड्यांना बोट लावलं. त्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या.

"तुन्ह्या बांगड्या कोपरलगून चढी ऱ्हायन्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "काय खायनी तू इतला दिन?"

रेवानं ओंजळ सुपात रिकामी केली आणि पदर मनगटांवर ओढला. प्रवासातून आलेली बाई, पण तिनं तसंच चुलीपुढं बसून जाळ केला. घरात होतं नव्हतं ते पीठ घेतलं आणि भाकर थापली. तव्यावर टाकली आणि चिंधीच्या वाटीकडे न बघता तेलाचा बुधला उचलून भाकरीवर अशी धार धरली, की त्या घरात लग्नकार्यालाही कुणी तसं तेल पाहिलं नव्हतं. पुरुष अजून जेवले नव्हते. त्या घरात पुरुषांच्या आधी सुनेनं घास घेतला असं कधी झालंच नव्हतं. म्हातारीनं ताट सुनेपुढं सरकवलं.

"खाय. मन्हासमोर खाय."

रेवा खाऊ लागली. मान वर न करता ती खात राहिली आणि घासागणिक धनुबाईच्या रोजच्या फेऱ्या आणि तिचं बोलणं सांगून मोकळी झाली. जसोदाबाई तव्यावरची दुसरी भाकर उलटत म्हणाली की धनुबाईकडे विस्तव मागायला आता मी जाते, बघू तिच्या माजघरात काय काय दिसतं ते. रेवाला खाता खाता ठसका लागला.

सांजच्याला सगळे पंगतीला बसले. ताटात दादरीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरी, उडदाची डाळ, कांदा. जसोदाबाई वाढत होती. चुनीलालनं भाकर हातात घेतली, उलटून पाहिली, खालची बाजू पाहिली, आणि चेहरा उतरला. सुनेशी तो थेट बोलत नसे, म्हणून बायकोकडे बघून त्यानं विचारलं, "ती डांगरनी भाकर सरी गयी का?"

धाकट्या दोघांनीही माना वर केल्या. छगननं जीभ चावली, पण त्याच्याही डोळ्यांत तोच प्रश्न होता.

जसोदाबाई वाढता वाढता थांबली. दाराआड उभ्या असलेल्या सुनेकडे तिनं पाहिलं. तोंडात पदराचा बोळा कोंबूनही रेवाचं हसू आवरत नव्हतं; खांदे गदगद हलत होते. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेलाच होता, दुपारी सासूनं खोचलेला.

"सरी नही," म्हातारी नवऱ्याला म्हणाली. "पन ती माले येत नही. तुन्ही सूनले इचार."

आणि सासऱ्यानं घसा खाकरून, भिंतीकडे तोंड करून, जन्मात पहिल्यांदा सुनेकडे काही मागितलं.