फरशी आणि हरीण

मी लग्न केलेलं नाही. तरीही ओक्लाहोमातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी सकाळी मी सहा जोडप्यांना संसार शिकवत असे. शिकवत असे हा जरा मोठाच शब्द झाला. पुस्तिका वाचून दाखवायची आणि हजेरी घ्यायची, एवढंच. पण त्या एका सकाळसाठी मी आठवडा काढत असे, हेही खरं.

हे वर्ग चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाचा नियम कडक होता. आठही तासांना नवरा-बायको एकत्र हजर हवीत, आणि सहाच्या सहा जोडपी शेवटपर्यंत टिकली तरच पुढच्या वर्षी वर्ग. सात तास निभावले. नवरे संसारासाठी नव्हे, वर्गातली एक बायको डॉर्लीन आणायची त्या राजमा-खिम्याच्या पातेल्यासाठी येत.

आठवा तास मी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ठेवला. बंदुकीने हरीण मारायच्या मोसमाचा तो पहिला दिवस निघाला. ओक्लाहोमात जन्म काढून हे ठाऊक नसलेला माणूस मीच असेन. बायकांना वाटलं, मी मुद्दाम परीक्षा घेतोय. नवऱ्यांना वाटलं, तारीख चुकून छापली असणार.

खोलीत सहा बायका आणि मी. सगळे नवरे डॉर्लीनच्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या रानात शिकारीला गेले होते. मी चाचरत म्हणालो की चूक माझी आहे, वर्ग गेला असं समजूया.

डॉर्लीनने पातेल्यावर झाकण घातलं. "मिस्टर एन्सल, फरशी घ्या आणि गाडीत बसा."

फरशी म्हणजे आमचं मुख्य साहित्य. बोलायची पाळी ज्याची, त्याच्याकडे 'फ्लोअर', म्हणजे फरशी, आहे असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून वर्गात जमिनीच्या फरशीचा खराखुरा तुकडाच हातात देतात. तो ज्याच्याकडे असेल त्याने बोलायचं. दुसऱ्याने ऐकून तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. मध्ये तोंड घालायचं नाही.

रानात कोणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून डॉर्लीनने मला नारिंगी टेबलक्लॉथ गुंडाळला. बायकांकडे नारिंगी जाकिटं होती. मी तेवढा भोपळा दिसत होतो.

व्हर्लिन एका ओकच्या झाडावर, पंधराएक फूट उंच मचाणावर बसला होता. आम्हाला पाहून त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मग झुडपांकडे दाखवलं. तिथे खरोखरच एक हरीण उभं होतं. एवढ्या फांद्यांची शिंगं मी फक्त चित्रांत पाहिली होती.

डॉर्लीनने फरशी छातीशी धरली आणि हळू आवाजात बोलू लागली. "बावीस वर्षं झाली, तू शिकारीला जातो म्हणून सांगतोस. जाऊ का म्हणून एकदाही विचारलं नाहीस. मी नाही म्हणणार नव्हते, व्हर्लिन. तू मला फक्त विचारायला हवं होतंस."

मग ती थांबली. नियमाप्रमाणे आता त्याची पाळी.

व्हर्लिनने हरणाकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग माझ्याकडे, आणि ती नजर मी विसरणार नाही. पुस्तिकेत अशा वेळी काय करावं ते दिलेलं नाही. मी टेबलक्लॉथ सावरत उभा राहिलो.

त्याने बंदूक आडवी ठेवली.

"मला असं ऐकू आलं," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "की मी तुला विचारत नाही, आणि त्याचं तुला वाईट वाटतं."

हरीण दोन उड्यांत नाहीसं झालं. त्यामागून आणखी चार, जी आम्हाला दिसलीही नव्हती. थोड्या वेळाने चहूकडून पाच नवरे शिव्या देत आले. रानातली सगळी शिकार पळाली होती. व्हर्लिनने त्यांना सांगितलं की फरशी डॉर्लीनकडे आहे, गप्प बसा. ते बसले. गाडीतून आणलेलं राजमा-खिम्याचं पातेलंही समोर होतंच.

एकेका जोडप्याने फरशी हातात घेतली. एकाने बायकोच्या गोष्टी चुकीच्या परत सांगितल्या, तिने तीनदा म्हणायला लावल्या. व्हर्लिन तेवढा खाली उतरेना. गुडघा आखडलाय म्हणाला. डॉर्लीनने त्याची वाटी दोरीने वर पाठवली.

मी गाडीच्या बॉनेटवर हजेरीचा कागद पसरला. पाच जोडप्यांच्या सह्या झाल्या. सहाव्या ओळीपाशी पेन अडलं. 'दोघे एकत्र उपस्थित होते का?' ती झाडाखाली, तो झाडावर. कार्यालय उद्या विचारेल, तेव्हा काय सांगणार? मी फार विचार करतो, हा माझा जुना दोष.

वरून व्हर्लिन डॉर्लीनला विचारत होता, आणखी थोडा वेळ बसू का म्हणून.

मी 'होय' लिहिलं.