ताईला जिंकू दिलं

माझ्या धाकट्या भावाचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. हे मी कोणाला सांगत नाही, पण त्या वेळी माझं तोंड पाहिलेल्यांना सांगावंही लागत नाही. नवरा तर जेवायला बसल्या बसल्या ओळखतो. "आज मेहुण्याचा फोटो छापून आलेला दिसतोय," म्हणतो, "भाजी खारट झालीय."

धाकटा रेसिंग ड्रायव्हर आहे. खराखुरा, पगारी, अंगभर जाहिराती शिवलेला सूट घालणारा. पोट मीही ड्रायव्हिंगवरच भरते, पण मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो तसा माझ्याही पायाशी एक असतो, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर तो दाबत बसणं हा माझा धंदा. धाकटा ज्या वेगाने वळण घेतो त्या वेगाने मी सरळ रस्त्यावर गेले तरी माझा परवाना जाईल.

बाबांचं गॅरेज होतं. आम्ही लहान असताना त्यांनी भंगारातले पाइप जोडून आणि गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून आम्हाला एक कार्ट बनवून दिली होती. छप्पर नाही, दारं नाहीत, बसलं की बूड रस्त्याला लागेल इतकी बुटकी. रागावले की बाबा आम्हा दोघांना साधारण त्याच नावाने हाक मारायचे: "कार्टी!" रविवारी ती कार्ट टेम्पोत घालून ते आम्हाला गावाबाहेरच्या ट्रॅकवर न्यायचे आणि आम्ही आळीपाळीने चालवायचो. वेगवान मी होते. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगतेय, पण खरं सांगतेय. धाकटा वळणावर गवतात घुसायचा आणि तिथेच भोकाड पसरायचा. त्याला ढकलत बाहेर काढायला मीच जायचे.

पुढे रेसिंगच्या शाळेत घालायची वेळ आली तेव्हा दोघांना पाठवणं जमणारं नव्हतं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू समजूतदार आहेस." विषय संपला. त्या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे. कोणाच्या ताटातलं उचलायचं असलं की लोक आधी त्याला समजूतदार म्हणून घेतात.

बाबांना मी कधी उलटून बोलले नाही. त्यांनी एकदा, फक्त एकदा माझ्याकडे बघून म्हणावं, "माझी निवड चुकली," एवढंच मला हवं होतं. गॅरेज आता विकलंय. बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसून धाकट्याच्या जुन्या शर्यती पुन्हा पुन्हा बघतात. निकाल तोंडपाठ असला तरी शेवटच्या फेरीला खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवतात.

तर इस्पितळातल्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी मदत गोळा करायला कार्टची शर्यत ठरली, आणि ती नेमकी आमच्या त्या जुन्या ट्रॅकवर. नावाजलेले ड्रायव्हर येणार होते. प्रत्येकाच्या जोडीला एक साधा माणूस, आणि दोघांत मिळून एकच कार्ट. अर्धी शर्यत ड्रायव्हरने चालवायची, अर्धी जोडीदाराने. सगळ्यांत वेगवान फेरी मारणाऱ्याला वेगळा चषक. धाकट्याचा फोन आला.

"ताई, माझ्या जोडीला तूच यायचंस. मजा येईल गं."

"मला कुठे सवय राहिलीय आता?" मी म्हटलं.

ही शुद्ध थाप होती. शिकायला येणाऱ्याने दांडी मारली की मी गाडी सरळ त्या ट्रॅककडे वळवते आणि तिथल्या भाड्याच्या कार्टमध्ये एकटीच फेऱ्या मारून येते. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईशिवाय हे कोणाला माहीत नाही. नवऱ्याला वाटतं मी कंबरेच्या व्यायामाला जाते. इतका व्यायाम करून कंबर आणखी कशी दुखते, हे त्याला पडलेलं कोडं आहे.

आता एक गोष्ट समजून घ्या. रेसिंगमध्ये हरलेल्याकडे कारणांचा कधी तुटवडा नसतो. इंजिन बरं नव्हतं, टायर झिजले होते, समोरचा हलका होता. पण दोघं एकाच गाडीत, एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवतात तेव्हा तोंड उघडायला जागा राहत नाही. धाकट्याने मजेसाठी बोलावलं होतं. मी त्यासाठी जात नव्हते.

वजनाचं मात्र माझ्या ध्यानात नव्हतं. जोडीतल्या दोघांचा भार सारखा हवा, म्हणून जो हलका असेल त्याच्या सीटखाली शिशाच्या पट्ट्या बसवतात. त्यासाठी शर्यतीच्या सकाळी आम्हाला सगळ्यांसमोर काट्यावर उभं केलं. माइक हातात असलेल्या निवेदकाला तर आयतंच खाद्य मिळालं.

"ऐका हो!" तो ओरडला. "ताईंच्या तोडीस तोड व्हायला आपल्या चॅम्पियनला शिसं बांधून घ्यावं लागतंय!"

लोक खदाखदा हसले. धाकट्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि तोही हसला. मीही दात दाखवले. हसा म्हटलं, पोटभर हसा. वजनाचीही सबब मिटली.

बाबा पहिल्याच रांगेत बसले होते, डोक्यावर धाकट्याचा नंबर छापलेली टोपी. मी हेल्मेट घेऊन त्यांच्यापाशी गेले तर ते माझ्या खांद्यावरून मागे बघत त्याला म्हणाले, "ताईला जपून ने रे." जणू मी काचेचं भांडं होते आणि तो मला टेम्पोत घालून नेणार होता.

पहिला अर्धा भाग ड्रायव्हरांचा. अशा शर्यतीत त्यांची एक रीत असते. जीव तोडून चालवतोय असं दिसू द्यायचं नाही. एक जण लोकांकडे बघून हात हलवत होता, दुसरा मुद्दाम मागे राहून सगळ्यांना वाट देत होता, तिसऱ्याने वळणावर थांबून वाकून नमस्कार केला. धाकटाही आधी चाळे करत होता. मग त्याच्याच संघातला दुसरा ड्रायव्हर त्याला आतल्या बाजूने सफाईने मागे टाकून गेला, आणि धाकट्याने मान खांद्यात घातली.

ती मान मी ओळखते. खेळणं दुसऱ्याच्या हातात गेलं की तो लहानपणी अशीच मान घालायचा. त्यापुढे त्याने एकदाही हात हलवला नाही. निवेदक विनोद करत राहिला, लोक हसत राहिले, आणि माझा भाऊ त्या हसण्याच्या आवाजात दात-ओठ खाऊन चालवत होता. त्याने संघातल्या सोबत्याला गाठलं, मागे टाकलं आणि फळ्यावर सगळ्यांत वेगवान फेरी त्याच्या नावावर लागली. मला आनंद झाला. अगदी मनापासून. कारण आता तो खेळ म्हणून चालवत होता असं कोणाला म्हणता येणार नव्हतं, असं मला वाटलं.

जागा बदलताना आमचा खोळंबा झाला. त्याच्या शिशाच्या पट्ट्या सोडवेपर्यंत एक जोडी पुढे निघून गेली. धाकटा लालबुंद होऊन धापा टाकत होता. "वळणावर कार्ट मागून सरकतेय जरा," तो म्हणाला, "सांभाळून."

"बरं," म्हणून मी सीटवर बसले. ती त्याच्या अंगाने गरम झाली होती.

मी काय आणि कसं चालवलं ते मला सलग आठवत नाही. मागून सरकतेय म्हणून तो जिथे बिचकत होता तिथे मी तिला सरकू दिलं, एवढं आठवतं. ट्रॅकच्या टोकाला टायरांच्या भिंतीमागे एक लांब उजवं वळण आहे. तिथे मी प्रत्येक फेरीला त्याचा हिशेब चुकता केला. शाळेचा केला, छापून आलेल्या फोटोंचा केला, त्या टोपीचाही केला. दुसऱ्यांच्या चुकांवर दाबून दाबून थकलेला माझा पाय त्या दिवशी फक्त माझ्यासाठी काम करत होता. शर्यत पुढच्या जोडीनेच जिंकली, आम्ही दुसरे आलो. पण मी हेल्मेट काढून वर बघितलं तेव्हा वेगवान फेऱ्यांच्या फळ्यावर सगळ्यांत वर माझं नाव होतं आणि त्याखाली त्याचं.

मी बाबांकडे बघितलं. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला भरून आलं. मग दिसलं की ते धाकट्याकडे बघून वाजवत होते.

"काय भाऊ आहे!" निवेदक माइकवरून गहिवरून म्हणाला. "स्वतःच्या नावावर लागलेली फेरी, पण बहिणीसाठी पाय मागे घेतला! ताईला जिंकू दिलं! असा भाऊ सगळ्यांना मिळो!"

लोक उभे राहिले. चषक माझ्या हातात होता आणि टाळ्या त्याला पडत होत्या. मी त्याच्याकडे बघितलं. आता बोलेल, म्हटलं. समोरच्या खुर्चीत त्याच्या संघाचा मालक बसला होता. धाकट्याने छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी चषक घेऊन बाबांकडे गेले.

"बघितलंस?" ते म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "केवढं मन आहे पोराचं!"

"बाबा, त्याने पाय मागे नाही घेतला. मी त्याला हरवलं."

"हो हो, तूच हरवलंस," ते म्हणाले आणि माझा हात थोपटला. एक चाक फुटपाथवर चढवून गाडी लावणाऱ्याला 'छान, जमलं' म्हणताना माझा आवाज असाच होतो.

चषक त्यांच्या मांडीवर ठेवून मी तिथून निघाले. तंबूच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून धाकटा एकटाच बसला होता. बाटलीचं झाकण त्याला उघडता येत नव्हतं. मी उघडून दिली. तो पाणी प्यायला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि तसं बघताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. पण ती नजर मला अनोळखी नव्हती. माझं जे आहे ते त्याला हवं होतं आणि ते माझ्याकडे असणं त्याला सहन होत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं.

"ताई," तो म्हणाला, "त्या उजव्या वळणावर तू माझ्याहून उशिरा ब्रेक मारतेस. कुठे?"

"आधी बाबांना खरं सांगून ये."

"आत्ता?"

"आत्ता. मग सांगते."

त्याने बाटली माझ्या हातात परत दिली. मग तो उठला. मी तंबूच्या कडेला उभी राहून पाहत होते. तो बाबांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागला. बराच वेळ बोलला. स्वतःकडे बोट दाखवलं, ट्रॅककडे दाखवलं, मान हलवून नाही नाही म्हणाला. बाबा शांतपणे ऐकत होते. मग ते हसले, त्याचे गाल दोन्ही हातांत धरले आणि टोपीच्या टोकाने डोळे पुसले.

तो परत आला. "सांगितलं गं. सगळं सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, तू लहानपणापासून असाच. ताईसाठी जीव टाकणारा."

मी पलीकडे बघितलं. बाबा मांडीवरचा चषक शेजारच्या माणसाला दाखवत होते आणि बोट धाकट्याकडे करत होते.

"माझ्या हातात अजून काय आहे, ताई?" तो म्हणाला, आणि ते खरं होतं. त्याने आपला शब्द पाळला होता. "आता सांग ना."

"पांढरा पट्टा आहे बघ रस्त्यावर," मी म्हटलं. "तो आला की लगेच."

त्याने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत ते दोनदा घोकलं. मग मला घट्ट मिठी मारून म्हणाला, "थँक्स, ताई."

मी तो पट्टा ओलांडून चांगली दोन कार्टांच्या लांबीइतकी पुढे गेल्याशिवाय ब्रेकला पाय लावत नाही. पण बाबा त्याला मिळाले होते. तेवढी जागा मी माझ्याकडे ठेवली.