लाइन सोडली म्हणे

उलट्या ठेवलेल्या स्टीलच्या ताटावर मोबाइल थरथरला आणि सगळं घर खडखडलं. रविवारची दुपार होती. धनराज जेवून, सेकंड शिफ्टच्या आधी जरा आडवा झाला होता. सृष्टीला नुकती झोप लागली होती, तिची घामेजलेली मूठ माझ्या ओढणीत अडकलेली. ती हळूच सोडवून मी फोन उचलला. कळवणहून सासरे होते.

मामा सुनेला कधी फोन करत नाहीत. त्यांनी ना नातीची चौकशी केली, ना जेवणाची. एकदम म्हणाले, "सायली, तू लाइन सोडली म्हणे."

मला आधी काही कळेचना. मग त्यांच्याच बोलण्यातून उलगडत गेलं. आमची स्कूटी मामांच्या नावावर आहे. घरात येणारी मोठी वस्तू थोरल्यांच्या नावानं घ्यायची, ही आमच्याकडची रीत. कागदावर त्यांचं नाव, त्यांचाच नंबर. त्यामुळे गुरुवारी कामावर जाताना चौकातल्या कॅमेऱ्यात माझा फोटो निघाला आणि चलानाचा मेसेज गेला थेट कळवणला. मामांना बारीक अक्षर लागत नाही. त्यांनी मोबाइल दिला खताच्या दुकानात बसलेल्या कुणाकडे तरी. त्यानं मोठ्यानं वाचलं की गाडीनं रस्त्याच्या मधली लाइन ओलांडली. फोटोत ओढणी दिसत होती, म्हणून वर पदरचंही जोडलं: रावजीआबा, सूनबाईनं लाइन सोडली बरं का. जणू मी वाकड्या वाटेलाच लागले.

"लय हसले लोक," मामा म्हणाले. "मला मान वर करता येईना. उद्यापासून गाडी बंद. चावी धनराजकडं दे."

लाइन मी ओलांडली होती, ते खोटं नाही. बस भर रस्त्यात उभी राहिली, माणसं उतरेनात, मागून हॉर्न. पिवळी रेघ सलग दिसत होती तरी मी गाडी बाजूनं काढली. दंड मी भरणारच होते. पण दंडाबद्दल मामांनी अवाक्षर काढलं नाही. त्यांना दंड नव्हता लागला, लोकांचं हसू लागलं होतं.

गाडी बंद म्हणजे माझी नोकरी बंद. देवळाली कॅम्पातल्या एका लॅबमध्ये मी रक्त काढते. सकाळी सातला उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर वाट बघत असतात. सातपूरहून बस बदलत, मधे सृष्टीला पाळणाघरात सोडून त्या वेळेला पोचता येत नाही. आधीची नोकरी अशीच उशिरापायी गेली, म्हणून तर स्कूटी घेतली. मामांना हे सगळं ठाऊक आहे.

आणि मागच्या दिवाळीत याच गाडीवर धनराजनं सिग्नल तोडला, तो मेसेजही याच नंबरवर गेला होता. तेव्हा त्याच दुकानात बसून मामा कौतुकानं सांगत होते म्हणे, पोराला दम निघत नाही, माझ्यावर गेलाय.

अंगाची नुसती लाही झाली. लेक झोपलेली, म्हणून आवाज चढू दिला नाही.

"मामा, मी रस्त्यावरची लाइन सोडली. दुकानातल्यांना तुम्ही तेवढं तरी सांगायचं होतं."

मामा म्हणाले, धनराजला फोन दे.

धनराज उशीतूनच हो दादा, बरं दादा करत राहिला. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, थोडे दिवस बसनं जा, त्यांचा राग उतरेल. मी विचारलं, तोवर लॅबमध्ये रक्त कोण काढेल, तुमचे दादा? तर म्हणे, तुला प्रत्येक गोष्टीचं भांडणच करायचं असतं.

"तुमचा मेसेज गेला होता, तेव्हा तुम्ही किती दिवस बसनं गेलात?"

त्यानं उठून शर्ट चढवला. गुंडी भलत्याच काजात घातली, काढली, परत घातली. कंपनीची बस नाक्यावर येते, रोज तो चालतच जातो. आज मात्र खिळ्यावरची चावी काढून त्यानं खिशात टाकली. "दादांना शब्द दिलाय मी," म्हणाला आणि जिना उतरला.

आत सृष्टी कुरकुरली. तिला कडेवर घेऊन मी गॅलरीत आले. तिथून ओरडावं, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं, हे अगदी तोंडाशी आलं होतं. पण तिचा झोपेनं ऊन झालेला गाल माझ्या मानेला टेकला होता. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिले.

खाली धनराज गल्लीतून बाहेर पडला. कंपनीकडे जायचं तर डावीकडे जाऊन सर्कलला वळसा घ्यावा लागतो. तो घ्यायचा त्याला नेहमीच कंटाळा. त्यानं गाडी सरळ रस्त्यामधल्या पिवळ्या रेघेवरून काढली आणि पलीकडे दिसेनासा झाला.

सृष्टी कधीपासून जागी होती, देव जाणे. मान वर करून तिनं रस्त्याकडे बोट दाखवलं.

"आई, बाबांनी पण लाइन सोडली. आता त्यांची चावी कोण घेणार?"