तेवीस डाख

“काका, हे डोळे मिचकावतंय,” मालकीणबाई म्हणाल्या आणि पिनबॉलच्या यंत्राच्या काचेवर त्यांनी बोट टेकवले.

मिस्त्री यंत्राच्या पाठीमागून बाहेर आले. मालकीणबाई जवळ उभ्या आहेत हे पाहताच त्यांनी उजवा हात खिशात घातला आणि मग मान वाकवून पाहिले. उभ्या पेटीवरची चित्राची काच कशी लख्ख उजळली होती. तिच्यावरच्या दर्यावर्दीच्या दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा. परंतु खाली, ज्या तिरप्या फळीवरून पोलादी गोळी धावते, तिथले नवे दिवे मधूनच विझत, लागत, पुन्हा विझत होते. कुठे एक, कुठे शेजारचे दोन. जणू कोणी चहाडी करण्यासाठी खुणावीत होते.

“नवेच आहेत ना सगळे?”

“नवेच. नव्याला जरा नखरा असतो, बाई. तासाभरात उतरतो.”

“माझ्या भाचीच्या लग्नात तुम्ही हेच म्हणाला होतात. तिचा अजून उतरलेला नाही,” असे म्हणून मालकीणबाई हसल्या. परंतु जाताना दाराशी थांबून त्या म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत कळेल ना, काका? मला त्या कंपनीवाल्यांना हो की नाही सांगायचंय.”

“कळेल,” मिस्त्री म्हणाले.

खेळांच्या त्या दालनात अशी जुनी सात यंत्रे होती. जुने बल्ब तापत, पंधरवड्याला उडत, आणि त्यांच्या उष्णतेने काचेवरच्या चित्रांचे पोपडे निघू लागले होते. म्हणून सातही यंत्रांत एलईडीचे दिवे घालावेत, असे मालकीणबाईंनी ठरवले. एक यंत्र करून दाखवा, ते चांगले झाले तर बाकीची सहा तुमचीच, नाहीतर सगळे काम कंपनीला, असे त्यांनी मिस्त्रींना स्पष्ट परंतु आदराने सांगितले होते. मिस्त्रींनी एकतीस वर्षे या यंत्रांची सेवा केली होती. इतर ठिकाणची कामे एकामागून एक सुटली होती. त्यांना मिस्त्री म्हणून हाक मारणारे जगाच्या पाठीवर हे एकच दालन उरले होते. ते सुटले म्हणजे ते केवळ घरातले एक वृद्ध गृहस्थ राहणार होते, आणि या गोष्टीची त्यांना मरणापेक्षा अधिक धास्ती वाटत असे.

त्यांनी पद्धतशीर शोध आरंभला. प्रथम लुकलुकणारा दिवा काढून स्थिर दिव्याच्या जागी घातला आणि स्थिर दिवा त्याच्या जागी. लुकलुक जागेवरच राहिली, दिव्याबरोबर गेली नाही. अर्थात दिवे निर्दोष होते. मग त्यांनी फ्यूज पाहिला, विजेचा दाब मोजला, तारांच्या जुडग्यांची जोडणी काढून, पिना घासून पुन्हा बसवली. काही फरक पडला नाही. शेवटी त्यांनी गोळ्या काढल्या, काच सरकवून बाजूला ठेवली आणि ती भली मोठी फळी उचलून तिला टेकू दिला. खालच्या बाजूला रंगीबेरंगी तारांचे रान होते. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने लाकडावर हलकेच टकटक केली. टक् होताच एक दिवा विझला. पुन्हा टक्, लागला.

तेव्हा त्यांना उलगडा झाला.

जुन्या बल्बच्या पोटात तार असे. ती एकदा तापली की वीज निमिषभर तुटली तरी ती तापलेलीच राही आणि उजेड ढळत नसे. दुसऱ्याची चूक निमूटपणे पोटात घालणारी काही माणसे असतात, त्यांतलाच तो प्रकार. एलईडीला असे पोटच नाही. वीज तुटली की तो त्याच क्षणी विझतो आणि आली की त्याच क्षणी लागतो. त्याला काही झाकता येत नाही. अतएव दोष दिव्यात नव्हता. तो तारेच्या आणि होल्डरच्या सांध्यात होता, फार पूर्वीपासून होता, आणि आज प्रथमच उजेडात आला होता.

मिस्त्रींनी चष्म्यावर भिंगाचा चष्मा चढवला आणि विझणाऱ्या दिव्याचा डाख, म्हणजे तार होल्डरला जोडणारा शिशाचा सांधा, पाहिला.

चांगला डाख पाण्याच्या थेंबासारखा असतो, गोल आणि चकचकीत. शिसे निवत असताना हात हलला तर मात्र तो मळकट होतो, त्याला कणी पडते, आणि आत बारीक चीर राहते. हा डाख कणीदार होता. त्यांनी पुढचा पाहिला. तोही कणीदार. त्याच्यापुढचा चकचकीत होता, आणि त्याचा दिवा शांत होता. तो डाख त्यांनी वीस वर्षांपूर्वी दिला होता.

मधे एका कोपऱ्यात दहाबारा डाख भलतेच बेढब होते, फुगलेले, ओघळलेले. ते कोणाचे, हे त्यांना पाहताक्षणी उमजले. मिस्त्री एकदा टायफॉइडने दोन महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मोठ्या मालकांनी, म्हणजे मालकीणबाईंच्या वडिलांनी, पुलापलीकडच्या एका कारागिराला बोलावले होते. बरे होऊन आल्यावर मिस्त्रींनी ते काम पाहिले आणि म्हणाले, हे डाख आहेत की कबुतराची शीट. त्या दिवसापासून त्या सद्गृहस्थाचे नाव कबुतर पडले, ते कायमचे. मिस्त्रींनी कबुतराच्या डाखांवर मुठीने टकटक केली. जोराने केली. एकही दिवा हलला नाही.

मग त्यांनी सगळे मोजले. लुकलुकणारे दिवे तेवीस. तेवीसही डाख त्यांचे स्वतःचे, आणि सगळे अलीकडचे. हा गेल्या वर्षीचा. हा धाकट्या मुलीच्या बाळंतपणाच्या वेळचा. आणि सर्वांत जुना, गोळी उडवणाऱ्या डाव्या पात्याजवळचा, मोठ्या मालकांना देवाज्ञा झाली त्या आठवड्यातला. त्याला तीन वर्षे होऊन गेली होती.

दुपारी बायको डबा घेऊन आली. ती स्टुलावर बसली, डब्याचे झाकण काढले आणि चमचा पुढे केला. अलीकडे ती डब्यात चमच्याने खाता येईल असेच काहीतरी आणीत असे.

“आधी खाऊन घ्या. दिवे काही पळून जात नाहीत.”

“पळतायत ना. तेच बघतोय.”

“काय झालं?”

मिस्त्रींनी भिंगाचा चष्मा उतरवून ठेवला. मग त्यांनी विचारले, “अगं, डॉक्टरांना आपण काय सांगितलं होतं? हात थंडीने हलतो, असंच ना?”

“तुम्ही सांगितलंत. मी गप्प बसले होते.”

“मग तुझ्या मते कधीपासून?”

बायकोने झाकण पदराला पुसले, वस्तुतः ते पुसण्याची आवश्यकता नव्हती. “तीन वर्षं झाली, मी तुमचा चहाचा कप अर्धाच भरते,” ती म्हणाली.

“मला वाटलं, दूध महागलं.”

“वाटू दिलं.”

“आणि दोनदा का विचारायचीस, अजून देऊ का म्हणून?”

“अर्धा अर्धा करून पुरा व्हायला नको का?”

मिस्त्रींनी दोन चमचे कसेबसे खाल्ले आणि डबा बाजूला सारला. त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवले. डाव्या पात्याजवळचा जुना डाख वितळवून काढला, तार घासून लख्ख केली, होल्डरच्या पत्र्याशी जुळवली. आयर्नचे टोक सांध्यावर टेकवायला गेले तर ते पत्र्यावर टिकटिक वाजू लागले.

“मनगट धरू का मी?” बायकोने विचारले.

“भाजशील.”

“आजवर चुलीजवळ काय थंडी वाजत होती मला?”

ती उठली आणि दोन्ही हातांनी तिने त्यांचे मनगट घट्ट धरले. शिसे वितळले, सांध्यात उतरले. मिस्त्रींनी आयर्न अलगद उचलले. आता फक्त तार पाच अंक मोजेपर्यंत स्थिर धरायची होती. एक, दोन म्हणेपर्यंत ते साधले. मग बायकोच्या दोन्ही हातांसकट तो हात थरथरू लागला. त्यांच्या डोळ्यांसमोर शिशाची चकाकी विरली आणि त्यावर साखरेसारखी कणी धरली.

त्यांनी वीज चालू केली. दिवा लागला, विझला, लागला.

“परत एकदा करू या,” ती म्हणाली.

“नको,” मिस्त्री म्हणाले आणि आयर्नची पिन काढून ठेवली.

चारच्या सुमारास मालकीणबाई आल्या. उचललेली फळी, न खाल्लेला डबा, आणि भिंतीकडे पाहत बसलेली दोघे, एवढे पाहून त्या काय ते समजल्या. त्या लहान असताना याच यंत्रापुढे पाट ठेवून, त्यावर उभ्या राहून खेळत असत, आणि गोळी अडकली की मिस्त्रीकाकांना हाक मारीत. त्या स्वभावाने कोमल होत्या.

“काका, जुने बल्ब परत घालू या का? त्यात तर काही दिसत नव्हतं.”

“नव्हतं दिसत.”

“मग झालं तर. सातही राहू देत तशीच. कंपनीला मी नाही म्हणून कळवते. तुम्ही येत जा आपले.”

हे ऐकून बायकोने नवऱ्याकडे पाहिले. हो म्हणा, असेच ती नजर सांगत होती. मिस्त्रींनाही हो म्हणावेसे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढल्या सोमवारी यावे, बल्ब पुसावेत, मिस्त्री म्हणवून घ्यावे. कुणाला कधीही काही कळले नसते.

त्यांनी उजवा हात खिशातून काढून फळीच्या कडेवर ठेवला. तो त्यांनी दाबला नाही, तसाच राहू दिला.

“बाई, दिवे चांगले आहेत. काढू नका. जुन्यांनी चित्रं जळतील. सांधे वाईट आहेत, आणि सांधे माझे आहेत.”

मालकीणबाईंनी त्या हाताकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. “बाकीच्या सहांतही?” त्यांनी हळूच विचारले.

“गेल्या तीन वर्षांतले सगळे. कंपनीला देऊ नका, ती माणसं सबंध वायरिंग उपटून टाकतील. कबुतराला बोलवा.”

“कोण कबुतर?”

“पुलापलीकडे असतो. त्या कोपऱ्यातले डाख त्याचे आहेत.”

“ज्यांना तुम्ही जन्मभर नावं ठेवलीत ते? बाबा सांगायचे.”

“ठेवली. दिसायला घाणेरडंच आहे त्याचं काम. पण एक दिवा हलत नाही.”

मालकीणबाईंनी वाकून तो कोपरा पाहिला. “तुम्ही इथे बसून देखरेख करा ना, काका. ते काम करतील.”

“त्याला कशाला देखरेख? तो चांगला कारागीर आहे,” मिस्त्री म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारले होते, म्हणून ते जरा अडखळत आले.

मालकीणबाई बरे म्हणाल्या आणि निघून गेल्या. बायको डबा भरू लागली. मिस्त्री उठले, बिलियर्डच्या टेबलापाशी गेले आणि तिथला निळ्या खडूचा चौकोनी ठोकळा घेऊन आले.

“आता आणखी काय?” बायकोने विचारले.

“कबुतराला वाईट डाख शोधावे लागू नयेत. नाहीतर दिवसभर टकटक करत बसेल.”

बायकोने डबा खाली ठेवला आणि बॅटरी पेटवून धरली. मिस्त्री फळीखाली वाकले आणि एकेका कणीदार डाखाभोवती खडूने गोल काढू लागले. पहिल्या गोलाची रेघ फिरून आली, ती जिथून निघाली होती त्या जागेच्या बाहेर बोटभर निघून गेली. दुसऱ्या गोलाचे तोंड उघडेच राहिले. ते पुसून पुन्हा काढतील, असे बायकोला वाटले. परंतु त्यांनी पुसले नाही. ते पुढच्याकडे वळले, आणि तिने उजेड पुढच्यावर नेला.

त्याला तासभर लागला. तेवीस गोल झाले. त्यांतला एकही मिटलेला नव्हता. कुठे शिंगासारखा वाकलेला, कुठे कानासारखा, कुठे नुसतीच हललेली रेघ.

“कळेल का हो त्यांना?” तिने विचारले.

“कळेल,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी टेकू काढला आणि दोघांनी मिळून फळी हळूहळू खाली टेकवली.